कोंड्यातले दोनशे चौदा अर्ज

अण्णा कामाच्या वेळेत कधी फोन करीत नसत. तन्मय गुरवच्या सहा वर्षांच्या नोकरीत ते दोनदाच घडले होते: एकदा आई गेली तेव्हा, आणि एकदा पिशवीतल्या पिशवीत चुकून बटण दाबले गेले म्हणून. त्यामुळे मंगळवारी सकाळी सव्वानऊला पडद्यावर त्यांचे नाव उमटले, तेव्हा त्याने हातातले काम टाकून फोन उचलला.

"कामात आहेस?"

"नाही अण्णा, बोला."

"एक विचारायचं होतं. तुमचं ते यंत्र, कानोसा. आमचे अर्ज त्याच्यापर्यंत पोचतात का रे?"

अण्णा, म्हणजे तन्मयचे वडील भिकाजी गुरव, चाळीस वर्षे कोळवड्याच्या तहसील कचेरीसमोर पत्र्याच्या शेडखाली बसून लोकांचे अर्ज लिहीत होते. आधी टंकयंत्र होते, मग संगणक आला, आता मांडीवर टॅब असे. कागदी अर्ज बंद होऊन सगळे शासनाच्या तक्रार-संकेतस्थळावर गेले, तरी साहेबाला कसे लिहावे हे न समजणारी माणसे काही संपली नव्हती. ती अजून अण्णांच्या टेबलाशी येऊन उकिडवी बसत.

"कसले अर्ज?"

"आपल्या धामणखोऱ्याच्या तलावाचे. भिंतीच्या पायथ्याला गढूळ पाणी येतंय. महिना झाला. आख्ख्या गावाचे अर्ज घातले, एकेकाच्या नावानं. काल नायब तहसीलदार भोईटे मॅडमना भेटलो. त्या म्हणाल्या, काका, कानोसात धामणखोरं शांत दिसतंय, तक्रारच नाही. मी म्हटलं, अहो, मी माझ्या हातानं लिहिलेत. तर त्यांनी शिपायाला सांगून मला पाणी आणून दिलं. खोटं बोलता असं नाही म्हणाल्या. पाणी दिलं."

"फोटो पाठवलेत?"

"फोटो कोण घेतंय आता? कुणीही घरबसल्या बनवतो म्हणतात."

"बघतो मी," तन्मय म्हणाला. आणि त्याने फोन ठेवला. मुलगा नेमके काय काम करतो, हे अण्णांनी कधी खोदून विचारले नव्हते. 'पोरगा वेबसायटींवरनं माहिती वेचतो' एवढे ते अभिमानाने सांगत. वेचलेल्यातले काय ठेवायचे आणि काय टाकायचे हे ठरवणारी चाळणी आपणच बांधली आहे, हे तन्मयनेही त्यांना कधी सांगितले नव्हते. स्वतःविषयी बोलायची वेळ आली की त्याची जीभ जड होई.

*

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर 'निरीक्षा' ही कंपनी होती, आणि 'कानोसा' हे तिचे यंत्र. दर सहा तासांनी कानोसाचे वेचक बाहेर पडत. वेचक म्हणजे एका संकेतस्थळावरून दुसऱ्यावर आपले आपण फिरणारे छोटे प्रोग्रॅम. ते कोणाच्या खाजगी दारात पाऊल टाकीत नसत. माणसांनी उघड्यावर ठेवलेले तेवढेच उचलीत. बाजारभाव, जुन्या वस्तूंच्या जाहिराती, टँकरच्या नोंदण्या, खानावळींविषयीचे बरेवाईट अभिप्राय, सरकारदरबारी केलेल्या तक्रारी. सुटी नोंद मुकी असते. पण एखाद्या तालुक्यात दुभती जनावरे विकण्याच्या जाहिराती वाढल्या आणि त्याच आठवड्यात लग्नाच्या मांडवांच्या नोंदण्या रद्द झाल्या, तर दुष्काळ जाहीर होण्याच्या तीन आठवडे आधी तो कानोसाला दिसे. दुकानदार त्यावरून माल भरू लागले, विमा कंपन्या हप्ते ठरवू लागल्या. दोन वर्षांपूर्वी सरकारनेही तो घेतला. अभियंते थोडे होते आणि तालुके फार. तेव्हा पाहणीला कुठे जायचे ते निर्देशांकच सांगू लागला. निळा रंग म्हणजे शांतता. पिवळा म्हणजे आठ दिवसांत पाहणी. लाल म्हणजे सहा तासांत माणूस जागेवर, आणि गाव हलवण्याचे अधिकार तहसीलदाराच्या हातात.

अडचण एकच होती. वेबवरचे निम्मे लिखाण तोवर माणसांचे राहिले नव्हते. एका ठेकेदाराने दुसऱ्याविरुद्ध तासाभरात दहा हजार नावांनी दहा हजार तक्रारी करवून घ्याव्यात, इतके ते सोपे झाले होते. त्यावर तन्मयने चाळणी बांधली. नावे कितीही वेगळी असोत, वाक्यांची ठेवण एकसारखी आढळली तर बोलणारे तोंड एकच मानायचे. असे 'एकमुखी' लिखाण बाजूला पडे. त्या ढिगाला कचेरीत कोंडा म्हणत. पहिल्याच वर्षी चाळणीने इतका खोटेपणा पकडला की संचालिका अश्विनी ताम्हनकर यांनी सर्वांसमोर तन्मयला उभे राहायला सांगितले होते. तो अर्धवट उठून परत बसला होता.

आज त्याने प्रथमच कोंडा उघडून त्यात एक गाव शोधले.

धामणखोरे: दोनशे चौदा नोंदी. एकमुखी. विश्वास शून्य.

'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय निवेदन करण्यात येते की, मौजे धामणखोरे येथील तलावाच्या मातीच्या भिंतीच्या पायथ्यालगत गढूळ पाणी निघत असून, त्यामुळे समस्त ग्रामस्थांच्या जीवितास धोका संभवतो. तरी मेहेरबान साहेबांनी सत्वर पाहणी करून उपकृत करावे...'

पहिल्या ओळीलाच त्याच्या कानांत अण्णांचा आवाज घुमू लागला. दोनशे चौदा वेळा तेच निवेदन, काना-मात्रेचाही फरक नसलेले. त्यामागचे कारण त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? फार वर्षांपूर्वी ओढ्यावरच्या एका साकवासाठी गावातल्या पन्नास जणांनी पन्नास तऱ्हांनी अर्ज केले होते, आणि साहेबांनी ते परत फेकले होते: 'आधी तुमचं एकमत करा, मग या.' तेव्हापासून अण्णा गावासाठी एकच मजकूर बांधत आणि तो प्रत्येकाच्या नावाने जसाच्या तसा घालीत. कचेरीत तीच अर्जाची ताकद मानली जाई. चाळणीला मात्र त्यात एक लबाड माणूस दोनशे चौदा मुखवटे घालून आलेला दिसला होता.

"काय भावा, तोंड का पाडलंयस?" फरहान मुजावर मागे येऊन उभा राहिला. वेचकांची देखभाल त्याच्याकडे असे. त्याने पडद्यावर वाकून वाचले. "उपकृत करावे! आयला, ह्यो रोबो लई संस्कारी हाय."

"रोबो नाही. माझे वडील आहेत."

फरहान खुर्ची ओढून गुपचूप बसला.

प्रत्येक अर्जाच्या तळाशी अण्णांनी एक ओळ मोकळी सोडली होती: 'अर्जदाराचे प्रत्यक्ष निरीक्षण.' ती ज्याची त्याने सांगायची. दहा शब्दांहून लहान ओळ चाळणी वाचतच नसे. तन्मयने त्या साऱ्या ओळी सोडवून तारखेप्रमाणे एकाखाली एक लावल्या.

*बोटाएवढी धार, पाणी निवळशंख.*

*मनगटाएवढी धार. ताकासारखं पाणी.*

*म्हशी तोंड लावीनात.*

*हंडा भरून ठेवला, तळाला दोन बोटं वाळू बसली.*

*जुन्या धारेशेजारी दुसरी फुटली.*

*चहासारखं पाणी. मांडीएवढी धार. उकळ्या मारतंय.*

मातीचे प्रत्येक धरण झिरपते, आणि झिरपणारे पाणी स्वच्छ असेतोवर भिण्याचे कारण नसते. पाणी गढूळ होते तेव्हा ते भिंतीचेच कण घेऊन बाहेर येत असते. कण गेले की वाट रुंदावते, रुंद वाटेने पाणी जोरात धावते आणि आणखी कण नेते. हे पोखरणे पायथ्याकडून पाण्याच्या दिशेने मागे मागे सरकते आणि बाहेरून भिंत हिरवीगार, धड उभी दिसते. बोट, मनगट, मांडी. ताक, चहा, वाळू. एक महिनाभर दोनशे चौदा माणसे नकळत मोजमाप करीत राहिली होती.

त्याने शब्दांना आकडे दिले. बोटाला दोन सेंटिमीटर, मनगटाला सहा. मग जगभरच्या फुटलेल्या मातीच्या धरणांच्या नोंदी ठेवणाऱ्या एका अभियांत्रिकी संकेतस्थळावरून जुने आलेख वेचून आणले आणि धामणखोऱ्याचा आलेख त्यांवर ठेवला. यंत्राने उत्तर द्यायला अर्धे मिनिट घेतले.

चार दिवसांत भिंत फुटण्याची शक्यता: दहापैकी सहा.

"सहाच?" फरहान म्हणाला.

"सहा खूप झाले रे. खाली एक्केचाळीस घरं आहेत."

*

अश्विनी ताम्हनकर यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. त्या वाईट नव्हत्या. तन्मयला त्यांच्यापुढे बोलणे जड जाई ते त्यांच्या हुशारीमुळे.

"चाळणी फक्त या खोऱ्यापुरती सैल करायची, असंच ना?"

"हो मॅडम."

"आणि उद्या दुसऱ्या कुणाचे वडील निघाले तर?"

त्यांनी नियमावली उघडून त्याच्यापुढे सरकवली.

"तन्मय, तू स्वतःच लिहिलेला नियम आहे: कर्मचाऱ्यानं आपल्या गावच्या नोंदींना हात लावायचा नाही. का लिहिला होतास?"

"माणूस स्वतःच्या गावाबद्दल सरळ विचार करू शकत नाही म्हणून."

"मग? एकदा ओळखीच्या माणसासाठी चाळणी उघडली की तिच्यावर कोण विश्वास ठेवणार? पुनर्विलोकन समिती सोमवारी बसते. मी आजच प्रकरण पहिल्या क्रमांकावर घालते. याहून जास्त मला करता येणार नाही."

"सोमवार म्हणजे सहा दिवस, मॅडम."

"दहापैकी चार वेळा काहीच होत नाही, हेही तुझंच गणित आहे."

त्याला पुष्कळ म्हणायचे होते. तो "बरं" म्हणून बाहेर आला, आणि त्या एका शब्दाची त्याला इतकी शरम वाटली की जिन्यात जाऊन तो कठड्याला धरून उभा राहिला.

चाळणी उघडता येत नव्हती, पण चाळणीतून जाता येत होते. चाळीस वेगळी तोंडे एका दिवसात बोलली की रंग लाल होई. पुढचा फेरा दुपारी चारचा होता. हे अण्णांना सांगायचे म्हणजे आधी बाकीचे सगळे सांगणे आले.

"अण्णा, तुमचे अर्ज पोचलेत."

"पोचलेत ना! मी मॅडमना तेच—"

"पोचले आणि टाकून दिले गेले. सगळे एकसारखे आहेत म्हणून. यंत्राला वाटलं, कुणीतरी खोटे बनवलेत." त्याने डोळे मिटून घेतले. "टाकायचे कुठले ते यंत्राला मी शिकवलंय. तो नियम माझा आहे."

पलीकडे शेडखालची कुजबुज ऐकू येत होती. कोणीतरी उताऱ्याचा दर विचारीत होते, आणि अण्णा त्याला उत्तर देत नव्हते.

"सगळेच टाकले?" त्यांनी विचारले.

"सगळे."

"सारखं लिहिलं म्हणून."

"हो."

"चाळीस वर्षं मी सारखंच लिहिलं रे." ते रागावले असते तर बरे झाले असते. त्यांचा आवाज फक्त बारीक झाला. "बरं. आता काय करू म्हणतोस?"

"गावात जा. प्रत्येकाला टॅबवर बोलू द्या, जसं येईल तसं. तुम्ही मजकूर सांगू नका. दुरुस्तही करू नका. चारच्या आत चाळीस माणसं पाहिजेत."

"म्हणजे मी लिहायचं नाही."

"नाही, अण्णा."

बाराच्या गाडीने अण्णा धामणखोऱ्यात पोचले. एकपासून नोंदी येऊ लागल्या. तन्मय आणि फरहान पडद्यासमोर खिळून बसले. 'माजं नाव शेवंता. वढ्याचं पानी लाल झालंया, काय करायचं त्ये करा लवकर.' एक तोंड. 'साहेब, भिंतीखाली म्हसरू बसंल एवढा खड्डा हाय, कालच्यापेक्षा आज मोठा दिसतुया.' दोन. अकरा झाले, सतरा झाले. मग मध्येच आकडा अडला. नोंदी येत होत्या, पण चाळणी त्या फेकून देत होती.

"काय झालं?" फरहानने एक नोंद उघडली आणि कपाळावर हात मारला. "ऐक. 'मी इठ्ठल कांबळे सविनय निवेदन करतो की समस्त ग्रामस्थांच्या जीवितास...' अरे कर्मा!"

तन्मयने घाईने फोन लावला. अण्णांच्या आवाजात पहिल्यांदाच हतबलता होती. "मी काही सांगत नाही रे. टॅब पुढं धरला की त्यांना तेच आठवतं. साहेबाला बोलायचं म्हटल्यावर साधं कसं बोलायचं म्हणतात. त्यांना लाज वाटते."

चार वाजता वेचक परतले. चाळणीतून गेलेली तोंडे: तेवीस. धामणखोरे निळ्याचे पिवळे झाले.

"आठ दिवसांत पाहणी," फरहानने वाचले. मग त्याने टेबलावरची गाडीची किल्ली उचलली. "ऊठ."

"कुठं?"

"तुझ्या गावाला. यंत्रात बसून बगून झालं न्हवं? चल आता."

*

रस्ता दीड तासाचा होता. दोन्ही बाजूंना श्रावणातली ओली भाताची खाचरे मागे पळत होती. फरहानच्या पाठीमागे बसल्या बसल्या तन्मय एकच विचार उलटसुलट करीत होता: फुटले नाही तर? अफवा पसरवणाऱ्याला कायद्याने शिक्षा होती, आणि दहापैकी चार वेळा तो अफवा पसरवणाराच ठरणार होता.

समाजमंदिराच्या ओट्यावर अण्णा त्याची वाट पाहत बसले होते. दिवस मावळायला अजून तास होता. गाव पुढ्यात जमले होते, पण हलायला कोणी तयार नव्हते. वर टेपावर, म्हणजे गावामागच्या टेकाडावर, माध्यमिक शाळा होती, जागा होती. तरी सरकारी हुकमाशिवाय गोठे सोडून जायचे कसे? मागच्या महिन्यात याच गोष्टीवरून तलाठ्याने दोघांना दम भरला होता.

"लोकांना कागद पाहिजे," अण्णा म्हणाले. त्यांनी मुलाकडे नीट पाहिलेही नाही. "हुकूम तर मी लिहू शकत नाही, तो गुन्हा होईल. पण निवेदन लिहू शकतो. सही कोणाची घालू?"

"माझी."

आता त्यांनी वर पाहिले. "नोकरी जाईल."

"जाईल."

अण्णांनी खिशातून पेन काढले आणि मांडीवर वही घेतली. त्यांचा हात एकदाही अडला नाही. 'मी, तन्मय भिकाजी गुरव, कानोसा या यंत्रातील चाळणीचा कर्ता, या लेखाद्वारे जाहीर करतो की, सदर गावाचा दर्शविण्यात आलेला रंग हा माझ्या नियमातील दोषामुळे चुकीचा असून...' तन्मयने वाचून खाली सही केली.

मग त्याला ओट्यावर उभे राहावे लागले. शे-दीडशे चेहरे वर वळले. त्याने कागद वाचायला घेतला. दुसऱ्याच वाक्यात त्याचा आवाज फाटला आणि थांबला. कोणीतरी मागून म्हणाले, "भिकाअण्णाचं पोरगं न्हवं ह्ये? लहानपणी बी असंच व्हतं, मुकं."

हसू पसरले. तन्मयने कागद खाली घेतला.

"मी अंदाज काढलाय," तो म्हणाला. "चार दिवसांत भिंत फुटेल, असं दहापैकी सहा वेळा येतं. चार वेळा येत नाही."

"म्हंजी नक्की काय त्ये सांग की लेकरा," पुढे बसलेली शेवंताबाई करवादली. "फुटणार का न्हाई?"

"मावशी, मला नक्की माहीत नाही." एवढे म्हटल्यावर त्याला एकाएकी मोकळे वाटले. "पण दहातल्या सहा फांद्या कुजलेल्या असल्या, तर त्या झाडावर नातवाला चढवशील का तू?"

म्हातारीने पदराने तोंड पुसले. मग तिने अण्णांना विचारले, "कागुद केलाय न्हवं?"

"केलाय."

"सही?"

"यंत्र बांधणाऱ्याचीच आहे."

"मग उटा की!" ती इतरांवर ओरडली. "कुणाची वाट बगताय?"

अंधार पडेपर्यंत गाव टेपावर चढत होते. अंथरुणे, पिंपे, कोंबड्यांची खुराडी, कासऱ्याने ओढत नेलेली वासरे. अण्णा शाळेच्या दाराशी नाव विचारून एकेकाला आत घेत होते. फरहान रात्रीच कोल्हापूरला परतला.

*

बुधवारी भिंत फुटली नाही. गुरुवारी सकाळी ऊन पडले, आणि लोक तन्मयकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. खाली गाव लख्ख उन्हात सुखरूप दिसत होते. दोघे-तिघे म्हशी धुवायच्या निमित्ताने उतरून गेले. शाळेच्या गुरुजींना वर्ग परत हवे होते. तन्मय मैदानाच्या कडेला एकटा बसून मनाशी आकडे पुन्हा मांडीत होता. मनगटाला त्याने सहा सेंटिमीटर धरले होते. बाईचे मनगट असेल तर?

दुपारी अडीचला तहसीलची जीप वर आली. भोईटे मॅडम तिशीतल्या, नेटक्या, दमलेल्या होत्या. त्यांनी पिशवीतून छापील कागद काढून त्याच्यापुढे धरला.

"तुमच्या कंपनीनं पाठवलाय. निर्देशांक बरोबर आहे, तुमचा अंदाज वैयक्तिक होता आणि तो मागे घेता, एवढंच आहे त्यात. सही करा, म्हणजे मला लोकांना घरी पाठवता येईल."

त्याच वेळी फोन वाजला. अश्विनी ताम्हनकर होत्या. "तन्मय, सही कर. बाकी सगळं मी सांभाळते. अजून काही बिघडलेलं नाही."

तन्मयने मैदानाकडे पाहिले. अर्धे लोक गाठोडी बांधू लागले होते. अण्णा दारात उभे होते. ते मुलाला काहीच सुचवीत नव्हते. दोन दिवस गेले म्हणून सहाचे पाच झाले असतील, चार झाले असतील. त्याला खरोखरच माहीत नव्हते.

"मॅडम," तो फोनवर म्हणाला, "तेवीस माणसांचं ऐकून खोरं पिवळं झालं. बाकीच्यांचं मी ऐकलेलंच नाही. मागे कसं घेऊ?"

"तू हट्टीपणा करतोयस."

"हो," तो म्हणाला आणि त्याने फोन कापला.

भोईटे मॅडमनी उसासा सोडला. "मग तुम्हाला माझ्याबरोबर कोळवड्याला यावं लागेल. जबाब द्यायला." त्या लोकांकडे वळल्या. "तुम्ही आपापल्या घरी जायला मोकळे आहात. कानोसा पिवळा आहे, लाल नाही."

काही जणांनी गाठोडी डोक्यावर घेतली. अण्णांनी दारातच बैठक मारली. "मी काही उठत नाही," ते म्हणाले. "माझ्या अंगावरनं जायचं त्यानं जावं." शेवंताबाई कण्हत त्यांच्या शेजारी जाऊन बसली. ते दृश्य जीपच्या मागच्या काचेत लहान लहान होत गेले.

टेपावरून उतरून रस्ता ओढ्याशी येतो, तिथे फरशीचा पूल आहे. चालकाने तिथे करकचून ब्रेक दाबला.

"सकाळी एवढं नव्हतं, मॅडम."

पाणी फरशीला टेकले होते. पाऊस दोन दिवस झाला नव्हता, तरी ओढा बोटाबोटाने चढत होता, विटकरी, दाट, मुका. भोईटे मॅडम खाली उतरल्या. थोडा वेळ त्या नुसत्या बघत राहिल्या. मग वाकल्या आणि हात पाण्यात घातला. मूठ उघडली तेव्हा तळव्यावर तांबडी, रवाळ माती होती.

"ही कुठली?" त्यांनी विचारले. विचारतानाच त्यांचा चेहरा बदलला होता.

"भिंतीच्या पोटातली," तन्मय म्हणाला.

त्यांनी दुसऱ्या हाताने फोन काढला. पडद्यावर खोरे पिवळेच होते. त्यांनी फोन पिशवीत टाकला.

"गाडी वळव. हॉर्न सोडू नकोस. माणसं उतरत असतील."

"मॅडम, लाल झाल्याबिगर गाव हलवायचं म्हंजे... वरनं विचारलं तर काय सांगायचं?"

"सांग, भोईट्यांनी हात घालून बघितला."

उतारावर बावीस माणसे भेटली. हॉर्नच्या आवाजाने ती थबकली, आणि मॅडमनी दारातून अर्धे बाहेर वाकून ओरडत, हात हलवत, त्यांना मागे रेटीत वर नेले. म्हशी धुणारे तिघे शेवटी धापा टाकीत आले. म्हशी खालीच राहिल्या. अण्णा शाळेच्या दारात वही घेऊन उभे होते आणि एकेक नाव मोठ्याने वाचीत होते. शेवटच्या नावाला "हाय" असे उत्तर आले तेव्हा तीन वाजून वीस मिनिटे झाली होती.

साडेतीनला भिंतीचा मधला भाग आवाज न करता खाली बसला. आवाज नंतर आला. टेपावरून सगळे दिसत होते: आधी ओढ्याकाठची चिंच गेली, मग समाजमंदिर, मग घरे एकामागून एक, जणू कोणी पाटीवरची ओळ ओल्या फडक्याने पुसत जावे. कोणी रडले नाही. शेवंताबाई ओठ हलवीत बोट रोखून काहीतरी मोजीत होती. तिचे घर कोणते होते ते तिला आता ओळखू येत नव्हते.

तन्मयच्या खिशातला फोन थरथरला. फरहान होता, बातमी कळली होती. "भावा, आकडा बरोबर आला तुझा. सगळी वाचली म्हणत्यात. ऐकतोयस न्हवं? बरोबर ठरलास तू."

तन्मयच्या शेजारी अण्णा येऊन उभे राहिले होते. त्यांचा खांदा त्याच्या खांद्याला लागला होता आणि दोघेही तो काढून घेत नव्हते. खाली, जिथे एक्केचाळीस घरे होती तिथे, तांबडे पाणी सावकाश पसरत चालले होते.

"दहातल्या उरलेल्या चारांत पडलो असतो तर बरं झालं असतं रे," तो म्हणाला.